सातवी मानवंदना

"यात काम केलंय ते आमच्या गल्लीतल्या मालुआक्कांनी," असं फिल्म केलेली ती मुलगी माइकवर सहज बोलून गेली आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. वहीतल्या सातच्या आकड्याला मी नुकताच गोल केला होता. बेळगावातल्या एका कॉलेजचा हॉल, सकाळचे साडेअकरा, खिडक्यांना जाड निळे पडदे, समोर शंभरेक पोरं-पोरी, आणि स्टेजवरच्या टेबलामागे परीक्षक म्हणून मी, शिवराज, निपाणीच्या कॉलेजातून निवृत्त झालेला ग्रंथपाल. समोर पाण्याची बाटली, तिच्याशेजारी पुष्पगुच्छ. मालुआक्का म्हणजे माझी बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. याच शहरातल्या वडगावात, आमच्या जुन्या घरात चार यंत्रमाग चालवून एकटी राहते. अकरा वर्षं मी त्या दारात गेलेलो नाही, आणि तिनेही मला बोलावलेलं नाही. हे सगळं एक वेळ सांगता येईल. पण नुकतीच बारा मिनिटं ती माझ्यासमोर भिंतभर पडद्यावर वावरत होती आणि मी तिला ओळखलं नाही, हे कुणाला आणि कसं सांगायचं? मला सगळं ओळखता येतं म्हणून तर मला इथं बोलावलं होतं.

ओळखणं ही माझी एकच विद्या. तो जुना इंग्रज दिग्दर्शक, रहस्यपटांचा बादशहा म्हणतात तो, जाडा, टकला, कायम काळ्या कोटातला. मी त्याला मनातल्या मनात 'साहेब' म्हणतो. साहेबाचे सगळे चित्रपट मी इतक्यांदा पाहिलेत की नंतरच्या कुणी, कुठल्याही भाषेत, त्याची एखादी लकब उचलली तर ती मला भातातल्या खड्यासारखी दाताखाली येते. अशा उचलण्याला लोक चोरी म्हणत नाहीत, मानवंदना म्हणतात. निपाणीत तंबाखूच्या एका वखारीमागे माझी खोली आहे. हंगामात दिवसभर शिंका येतात. समोरच्या दारात राजाबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते, ती रोज विचारते, "जेवलासा काय सर?" आणि मी जेवलो असो नसो, व्हय म्हणतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारेपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी येत नाही. मी लॅपटॉप उघडतो, कुणाची तरी फिल्म लावतो आणि वहीत आकडे घालून लिहीत जातो: जिना, चष्म्यात दिसलेलं प्रतिबिंब, आगगाडीचा बोगदा. अशा सहा वह्या भरल्यात. त्या कुणी बघायला मागितल्या नव्हत्या. मग इथल्या स्वरूप नावाच्या तरुण प्राध्यापकाने माझा कुठलातरी लेख वाचला, फोन केला आणि म्हणाला की आमच्या शॉर्टफिल्म स्पर्धेला तुम्हीच हवेत, एक मुलगी फक्त त्याच दिग्दर्शकावर फिदा आहे. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी राजाबाईला आपण होऊन सांगायला गेलो की मला बेळगावला बोलावलंय. तिने सूप खाली ठेवून ऐकून घेतलं.

तर ती फिल्म. एका म्हाताऱ्या बाईची. बाई एकटी राहते, रोज दुपारी आतून कडी लावते, आणि संध्याकाळी कडी निघालेली असते. घरात कुणीतरी येऊन जातं असा तिला संशय. कॅमेरा सुरुवातीला रस्त्यावरून खिडकीतून आत शिरला, चोरासारखा. मी लिहिलं, एक. मग पाठमोऱ्या बाईचा पांढरा अंबाडा, आणि कॅमेरा त्या वेढ्यांत गरगरत आत जातो, दोन. दुधाचा पेला घेऊन कुणीतरी अंधाऱ्या जिन्याने वर चढतं आणि दूध आतून उजळलेलं दिसतं, साहेबाने पेल्यात बारका बल्ब सोडला होता, हिनेही सोडला असणार, तीन. जिन्याच्या टोकावरून कॅमेरा सरसरत खाली येतो तो थेट मुठीतल्या किल्लीवर, चार. विजेच्या तारेवर आधी एक कावळा, मग चार, मग तारच दिसेनाशी होते, पाच. साहेब आपल्या चित्रपटांत कुठेतरी क्षणभर स्वतः दिसून जायचा. इथे ती मुलगी स्कूटरवर साड्यांचं गाठोडं घेऊन कोपऱ्यातून जाते, दोन सेकंद. हॉलमध्ये हे कुणालाही दिसलं नाही. मला दिसलं. सहा. मला तेव्हा किती आनंद झाला होता म्हणून सांगू. आणि सातवी तर बहारदार. शेजारीण येऊन बाईला विचारते की तुझ्या घरात कोण येतंय ते तुला ठाऊक आहे ना. शेजारणीची फक्त पाठ दिसते. बाई मागापलीकडे उभी राहून उत्तर देते, पण मागांच्या खडखडाटात तिचं एक अक्षर ऐकू येत नाही. अर्धा-पाऊण मिनिट नुसते ओठ हलतात. ऐन मोक्याचं संभाषण यंत्राच्या आवाजात बुडवून टाकायचं, ही साहेबाची खास खोड. मी मान खाली घालून घाईने लिहिलं: 'सात. गोंगाटात बुडवलेला संवाद. उत्तम.' मान वर केली तेव्हा तो प्रसंग संपला होता. पूर्ण फिल्ममध्ये त्या बाईचा चेहरा समोरून, उजेडात, फक्त तेवढाच वेळ दिसला होता, आणि मागवाल्यांची घरं तर आतून सगळी सारखीच. शेवटी कळतं की कडी ती बाईच काढून ठेवत असते. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं, 'शेवट ढिला. रहस्य टिकत नाही.'

आता तो अंबाडा. जन्मभर मी तो पाठीमागून पाहिलाय. तेव्हा तो काळा होता आणि त्यात सुताचे तुकडे अडकलेले असत. आई लवकर गेली, आक्काचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत ती परत आली, का आली ते आमच्यात कुणी कधी बोललं नाही. आली ती थेट मागावर उभी राहिली. मी शाळेतून आलो की तिच्यामागे चरख्यावर बसून कांड्या भरायचो. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. माग ती बघता बघता खातो, संपली की दुसरी हातात तयार पाहिजे. चार माग एका खोलीत चालू असले की तिथे बोलता येत नाही, ओरडूनही नाही. मागवाल्यांच्या घरातली पोरं म्हणून ओठांवरचं वाचायला शिकतात, कुणी शिकवत नाही, आपसूक येतं. आक्का ओठ जरा जास्त उघडून, सावकाश, आवाज न काढता बोलायची. कांडी संपली. चहा ठेव. परीक्षा कधी हाय. आप्पांना सांगू नको. अख्खं लहानपण मी तिचा आवाज ऐकण्यापेक्षा पाहिलाच जास्त. तिथे एकच नियम होता: बोलताना तोंड समोरच्याकडे पाहिजे. तोंड फिरवलं की बोलणं संपलं. काही चुकलं, मार्क कमी पडले, की मी चरख्याकडे तोंड करून बसायचो, मग ती मागून कितीही बोलली तरी मला पोचायचं नाही. ती माग सोडून येऊ शकत नव्हती. तोंड फिरवायचं हे हत्यार मला दहाव्या वर्षीच सापडलं होतं, आणि ते किती पुरवायचं याला मी काही धरबंध ठेवला नाही.

अकरा वर्षांपूर्वी पणजीला साहेबाच्या चित्रपटांचा पाच दिवसांचा महोत्सव होता. आप्पा, आमचे वडील, तेव्हा चौऱ्याऐंशीचे, थकलेले, पण हिंडत-फिरत. आक्का म्हणाली होती, जाऊ नको. मी म्हणालो होतो, पाच दिवसांत काय होतंय. शेवटच्या दिवशी सकाळी दहाला मी हॉलमध्ये शिरलो, फोन बंद केला. साहेबाचा दंडक असे की चित्रपट सुरू झाल्यावर कुणाला आत सोडायचं नाही. मला तो फार आवडायचा, मी त्याहून एक पाऊल पुढे जाऊन बाहेरच्या जगालाही आत सोडत नसे. दोन चित्रपट लागोपाठ पाहून सव्वातीनला फोन उघडला तर आक्काचे एकोणीस कॉल. घाटातून बस बेळगावला येईपर्यंत दिवेलागण झाली. मी दारात पोचलो तेव्हा लोक स्मशानातून आंघोळी करून आपापल्या घरी गेले होते. माग बंद होते. ती खोली मी बंद मागांची फारशी कधी पाहिलीच नव्हती, आणि त्या शांततेत कसं बोलायचं हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आक्काचा आवाज फार मोठा निघाला. "शेवटच्या घडीपर्यंत तुझंच नाव घेत होते," ती म्हणाली. "शिवा आला काय, शिवा आला काय. दाराकडं बघत बघत गेले." मी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत उभा राहिलो. ती आणखी काही बोलत होती, ते ऐकूही येत होतं, पण मी ते आत घेतलं नाही. दिवसकार्य होईपर्यंत कसाबसा राहिलो आणि निपाणीला गेलो. महिनाभराने तिचा फोन आला तो उचलला नाही. पुढे तिचे फोन थांबले.

माणूस आपल्या नसण्याचं काय काय करतो. आप्पा गेले तेव्हा मी तिथे नव्हतो, म्हणून तो प्रसंग मी स्वतः उभा केला. आधी आप्पांचे डोळे. मग दार, रिकामं. पुन्हा डोळे, जरा जवळून. पुन्हा दार. चौकटीत ऊन सरकतंय. ओठ हलतात: शिवा. हे सगळं मी साहेबाच्या पद्धतीने जुळवलं होतं, कुठला तुकडा किती सेकंद ते सुद्धा. निपाणीच्या खोलीत जेवणाचं ताट पुढ्यात घेतलं की तो प्रसंग आपोआप सुरू व्हायचा. अकरा वर्षांत मी तो किती वेळा पाहिला असेन याची गणती नाही. त्याचा मला त्रास व्हायचा आणि, आता लपवून काय करायचं, त्याची मला सवय झाली होती. निदान त्या एका दृश्यात कुणीतरी माझी वाट पाहत होतं.

हॉलमध्ये टाळ्या थांबल्या होत्या. स्वरूप माझ्याकडे वळून म्हणाला की सर आता आपल्याला सांगतील. मी उभा राहिलो. पहिल्या सहाच्या सहा मानवंदना सांगून टाकल्या. आवाज ठीक निघत होता, पोरं 'ओह' करत होती, स्कूटरवर ती मुलगी स्वतः आहे हे सांगितल्यावर तर हॉलभर हशा आणि टाळ्या. ती मुलगी, प्रियदर्शनी, लाजली. तिचं वय वीस-एकवीस, कानात मोठी कडी, वडगावचीच, आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर. तिच्या वडिलांनी माग कधीच विकले. ती शिवराज सर म्हणून मला ओळखत होती, मालुआक्कांचा भाऊ म्हणून नाही. मी त्या गल्लीत शेवटचा गेलो तेव्हा ती तिसरी-चौथीत असेल. मी तिला विचारलं, सातव्या प्रसंगात त्या बाईंना काय संवाद दिला होतास? ती म्हणाली, "काहीच नाही सर. आवाज मी काढूनच टाकणार होते. मी म्हटलं, आक्का, तुम्हाला काय पाहिजे ते बोला." मग तिने आणखी सांगितलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा आक्कांनी साफ नाही म्हटलं होतं, मला कशाला नाटकं करायला लावतीस म्हणून. मग त्यांनी विचारलं की हे बघणार कोण. ही म्हणाली, निपाणीचे एक सर हायत, शिवराज म्हणून, त्यांच्या नजरेतून काय सुटत न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का स्वतः हिच्या दारात, की कधी करायचं ते सांग. "आणि तो शॉट त्यांनी मला दोनदा घ्यायला लावला," प्रियदर्शनी म्हणाली. "पहिल्यांदा उजेड पाठीमागून होता. त्या म्हणाल्या, असं नको, माझं तोंड दिसाय पायजे."

पोरं हसली. मी बाटलीतलं पाणी प्यालो, थोडं शर्टावर सांडलं. मुलगी सांगतच होती की घरी तिने आजीला फिल्म दाखवली. आजी आयुष्यभर मागावर होती, आता ऐंशीच्या पुढे. तो प्रसंग आला तशी आजी पदर तोंडाला लावून बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, ते तुझ्यासाठी न्हाय. "म्हातारी माणसं," प्रियदर्शनी म्हणाली आणि खांदे उडवले. मी स्वरूपला म्हणालो की सातवा प्रसंग पुन्हा लावा. नीट समजावून सांगता येईल. पोरांना वाटलं सर आता आणखी काहीतरी उकलून दाखवणार. सगळी सावरून बसली. पडदे पुन्हा ओढले गेले.

या वेळी मी वही मिटून ठेवली. मागांचा खडखडाट हॉलच्या स्पीकरमधून आला आणि माझ्या पायांना आधी कळला. तो आवाज तळव्यातून वर येतो. शेजारणीची पाठ. मग आक्का. चष्मा लागला होता, गाल बसले होते, पुढचा एक दात नव्हता. अकरा वर्षांत ती अगदी आप्पांसारखी दिसायला लागली होती. तिने शेजारणीकडे पाहिलंच नाही. ती थेट कॅमेऱ्याच्या काचेत बघत होती, आणि ओठ जास्त उघडून, सावकाश, चरख्यावरच्या पोराशी बोलावं तशी बोलत होती. पहिला शब्द लगेच कळला, कारण तो माझं नाव होतं. नंतरचा तुकडा निसटला. मी स्वरूपला म्हणालो, परत. त्याने परत लावलं. तीन वेळा पाहिल्यावर ते असं जुळलं: "शिवा, आप्पांनी तुझं नाव घेतलं न्हवतं. कुणाचंच न्हाय. सकाळी च्या पिऊन पडले ते झोपंतच गेले. मी रागानं बोलले. खोटं बोलले." यानंतर तिने आणखी तीन-चार शब्द उच्चारले, पण तेवढ्यात धोट्यातली कांडी संपली, तिने मान खाली घातली आणि हाताने माग थांबवला. ते शब्द खाली, मागात गेले. चौथ्यांदा लावलं तरी ते दिसेनात.

माझ्या छातीवरून काहीतरी उतरायला हवं होतं, नाही का? तसं झालं नाही. झालं असं की माझा तो प्रसंग, डोळे आणि दार आणि ऊन, मी इतक्या निगुतीने जुळवलेला, तो जागच्या जागी विरला, आणि तिथे फक्त एक म्हातारा माणूस सकाळचा चहा पिऊन कुशीवर झोपलेला राहिला. त्याला माझी आठवण नव्हती. तो कुणाचीच वाट पाहत नव्हता. अकरा वर्षं ज्या एका ठिकाणी माझी वाट पाहिली जात होती ते ठिकाणही गेलं, आणि मी पूर्ण एकटा उरलो. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "सर, ती काय म्हणतीय?" सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. प्रियदर्शनीही. मी म्हणालो की अशा प्रसंगात काय म्हटलं याला महत्त्व नसतं, ते आपल्याला ऐकू येत नाही याला असतं. उत्तर चांगलं होतं. पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. बक्षीस त्याच फिल्मला द्या असं मी स्वरूपला सांगितलं, जेवायला थांबा म्हणाला त्याला नको म्हटलं, आणि पुष्पगुच्छ टेबलावरच विसरून बाहेर पडलो. विसरून म्हणजे, परत जाऊन आणावा असं वाटलं नाही.

बाहेर कडक ऊन होतं. रिक्षावाल्याने कन्नडात विचारलं कुठे जायचं, आणि मी बसस्टँड म्हणायला तोंड उघडलं तर वडगाव बाहेर पडलं. गोवावेस मागे पडलं, शहापूर आलं, दुकानांत टांगलेल्या साड्या, आणि डोक्यात एक नवाच किडा वळवळायला लागला. ती तेव्हा खोटं बोलली होती की आता बोलत होती? रागाने माणूस खोटं बोलतं तसं मायेनेही बोलतं. सदुसष्टाव्या वर्षी तिच्या मनात आलं असेल, पोरगं कशाला कुढत मरावं, त्याला सोडवून टाकू. आप्पा दाराकडे बघतच गेले असतील आणि ती ते एकटीने गिळून बसली असेल. मला ते विचारायला हवं होतं. खरं कुठलं, आक्का? दोन शब्दांचा प्रश्न. तो मी रिक्षात ओठांवर करून पाहिला, आवाज न काढता. आरशातून रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला तेव्हा थांबलो. आणि कशी कोण जाणे, मला माझ्याच वहीतली ओळ आठवली. शेवट ढिला, रहस्य टिकत नाही. कडी ती बाईच काढून ठेवते. ही गोष्ट वीस वर्षांच्या मुलीला सुचली कुठून? तिचं घर गल्लीच्या टोकाला. शाळेत जाता-येता रोज ती आमच्या दारावरून जात असणार, दुपारी, ज्या वेळी वडगावात सगळे आतून कडी लावून मागावर असतात.

घर बाहेरून ओळखू आलं नसतं. पुढच्या भिंतीला गुलाबी टाइल्स लावल्या होत्या. पण आवाज तोच. गल्लीत आता मोजून तीन-चार घरांतून माग ऐकू येतात, त्यातला आमचा मी डोळे मिटून सांगितला असता. तिसऱ्या मागाची लय जरा लंगडी होती, ती अजून लंगडीच होती. दुपारचे दीड वाजले होते. मी दाराला हात लावला. कडी लावलेली नव्हती. दार आत गेलं आणि मी चपला काढून मागांच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहिलो. आक्काची पाठ माझ्याकडे होती. पांढरा अंबाडा, त्यात हिरव्या सुताचा एक तुकडा. तिने मला ऐकणं शक्यच नव्हतं, पण दारातला उजेड मी अडवला होता आणि मागावरच्या कापडावर माझी सावली पडली असणार. ती वळली. माग थांबवला नाही. थांबवला असता तर आम्हा दोघांना त्या शांततेत तोंडाने बोलावं लागलं असतं, आणि ते आम्हाला जमत नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी नुसता पुढे आलो, चरखा असायचा त्या कोपऱ्यापर्यंत, आणि माझी मान खाली गेली. वय एकसष्ट झालं तरी सवयी जात नाहीत. तसाच जमिनीकडे बघत मी ओठ हलवले. खरं कुठलं, आक्का.

चारी माग आपापल्या लयीत चालू होते. मग तिचा हात माझ्या हनुवटीखाली आला, सुताने खरबरीत झालेला, आणि त्याने माझं तोंड वर केलं. तिचे डोळे ओले होते, चष्म्याच्या काचेवर कापसाची पूड बसली होती. ती म्हणाली, सावकाश, ओठ उघडून, "तोंड इकडं करून बोल. मला काय दिसंना."

मी तिच्याकडे बघितलं. आता विचारता आलं असतं. उजेड बरोबर माझ्या तोंडावर होता, ती वाचायला थांबली होती, आणि तिने जे काही सांगितलं असतं ते मी जन्मभर खरं धरलं असतं. तो प्रश्न ओठांपर्यंत आला होता. पण मी विचारलं ते असं, "कांड्या भरू?"

तिने ते वाचलं. पुढचा दात नसलेलं तोंड जरासं उघडं राहिलं, आणि मग ती हसली, मी या खोलीत तिला फार थोड्या वेळा हसताना पाहिलंय. चरख्याच्या जागी एक लोखंडी यंत्र होतं, त्यावर सहा कांड्या एकदम भरून निघत होत्या. तिने हाताने ते मला दाखवलं.

"कांड्या आता मशीन भरतंय," ती म्हणाली. "तू नुस्ता बस."